बस आली

आमच्या घरात ‘बस आली’ म्हणजे शूला जायचंय. हा माझ्या धाकट्या भावाचा शब्द. वारज्याहून तो मतिमंदांच्या शाळेत जायचा, तेव्हा शाळेची बस यायच्या आधी आई त्याला बाथरूमकडे पिटाळायची, “चल चल, बस आली!” पुढे शाळा सुटली, बस बंद झाली, त्याचे स्वतःचे केस पिकायला लागले, पण शब्द तोच राहिला. लग्नकार्यात भर पंगतीत हा चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या “बस आली” म्हणायचा आणि आमच्यातलं कुणीतरी हसत उठायचं. इतकं अंगवळणी पडलेलं, की हा शब्द बाहेर कुणाला कळणार नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आई गेली. त्याआधीच माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, माझे गुडघे गेलेले. एकदा बाथरूममध्ये भाऊ घसरला आणि त्याला सावरताना मीही पडले. तासभर दोघं तिथेच. मग कात्रजच्या पुढे एका निवासी संस्थेत त्याला ठेवला. “अगदी घरच्यासारखं आहे हो,” तिथल्या मॅडम म्हणाल्या. अर्जात एक प्रश्न होता : शी-शू स्वतः सांगतो का? मी ऐटीत ‘हो’ लिहिलं. कसं सांगतो ते लिहायचं सुचलं नाही. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

पहिला महिना भेटायला यायचं नाही, त्याला रुळू द्यायचं, असा तिथला नियम. महिन्याने गेले तर तो बाकावर पाय फाकवून बसलेला. मला बघून हसलाही नाही. जवळ घेतलं तर पँटच्या आत डायपर. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

“याला हे कशाला? हा सांगतो की!”

तिथल्या सगळ्यांना सांभाळणारे मामा, साठीला आलेला साधा माणूस, कावरेबावरे झाले. “कायबी सांगत नाय हो ताई. सारखं ‘बस आली, बस आली’ करत दाराकडं धावायचा. मला वाटलं, घरची आठवण येतीय. मग मी रोज समजूत काढायचो. म्हणायचो, बस उद्या येणार हाय बाळा, आज गप बस. बसायचा बिचारा. आन् बसल्या जागीच व्हायचं त्याचं.”

म्हणजे रोज त्याला उद्यापर्यंत धरून ठेवायला सांगत होते. तेही मायेने, पाठीवर हात फिरवून. मी कुणावर ओरडणार होते?

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘बस आली म्हणजे बाथरूम.’ पुढच्या खेपेला फळ्यावर पाहुण्यांचं स्वागत होतं आणि भावाला डायपर होताच. मामा खाली बघत म्हणाले, “सोळा जणांना मी एकटा हाय ताई. ह्याला घेऊन गेलो तर बाकीच्यांकडं कोण बघणार? डायपर बरा पडतो.”

“कुणाला बरा पडतो?” मी विचारलं.

दुसरीकडे फोन केले. सगळे गोड बोलतात, नाव लिहून घेतात, पुढे काही नाही. घरी आणावं, तर कोणाच्या जिवावर? आपल्यामागे याचं कसं होणार, म्हणून आई रडायची. इथे मी धडधडीत जिवंत आहे आणि मला काही करता येत नाही. फार लाज वाटते. रडूसुद्धा आता रागाचंच येतं.

गेल्या रविवारी मी हट्टाने मामांना त्याचा डायपर काढायला लावला. म्हटलं, मी आहे ना तासभर, मी नेते. आम्ही बाकावर बसलो, मी त्याला संत्रं सोलून दिलं. थोड्या वेळाने तो चुळबुळायला लागला, गुडघे एकमेकांवर दाबून, लहानपणापासून करतो तसा. मी चटकन उठले, हात पुढे केला.

“बस आली ना रे? चल!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, हळूहळू, मामा फिरवतात तसा.

“बस उद्या, ताई,” तो म्हणाला. “आज गप बस.”

आणि त्याची पँट ओली होत गेली.