आरपार भोक पडलेली लिंबं

५ एप्रिल २०२५, शनिवार. वारज्यातल्या एकतीस दुकानांना लिंबू-मिरची बांधून मथुराबाईंच्या हाती सहाशे वीस रुपये आले. एरवी त्या पाटीत लिंबं घेऊन विकत बसायच्या, पण शनिवारची कमाई मोठी. मात्र जुनी माळ उतरवताना त्यांना दर वेळी मळमळायचं. आठवडाभर धूर खाऊन काळवंडलेलं लिंबू, बुळबुळीत मिरच्या, वर मुंग्या. त्या दोन बोटांत धरून ते पोत्यात टाकत आणि घरी जाऊन कोपरापर्यंत साबण लावत.

त्या दिवशी बालवाडीच्या शिपायाने, गोपाळकृष्णने, पोतं मागितलं. "द्या की. पितळी घंटा घासायला ही लिंबं होतील."

"न्या. पण घंटेलाच लावा. तोंडाला लावायचा माल न्हाय हा."

सोमवारी बालवाडीच्या बाई श्रद्धाताईंनी मथुराबाईंना वर्गात बोलावलं, मुलांना लिंबाचे उपयोग सांगायला. शाळेत खुर्चीवर बसायची मथुराबाईंची ही पहिलीच वेळ.

"वरणभातावर पिळलं की चव येती. मिठात मुरवलं की लोणचं. साल घासली की तांब्या लख्ख. अन् उन्हातून आलं की सरबत."

"आणि दुकानावर टांगलं की?" सौमित्रने विचारलं.

"दृष्ट लागत न्हाय म्हणत्यात. माझं मात्र पोट भरतं बघ."

मुलं खिदळली. तेवढ्यात गोपाळकृष्ण सरबताची कळशी, पेले आणि मुलांना वास घ्यायला द्यायच्या पिळलेल्या साली घेऊन आला. ओवीने एक साल उचलली.

"आजी, याला भोक कशाला?"

मथुराबाईंनी पाहिलं. सालीत आरपार भोक, त्यात काळ्या दोऱ्याचा तुकडा. भोक त्यांच्याच सुईचं. सौमित्रने पेला ओठांना लावलाच होता.

"ठेव खाली! कुणी प्यायचं न्हाय!"

दुकानांवरून उतरवलेली ही लिंबं आहेत, हे ऐकून श्रद्धाताईंनी पदर तोंडाला लावला.

"अहो, धुतली होती मी," गोपाळकृष्ण पुटपुटला. "नवी आणायची तर पैसे पडतात. ही वाया कशाला घालवायची?"

"मग आधी तुम्ही प्या." श्रद्धाताईंनी एक पेला त्याच्यापुढे सरकवला.

तो एक पाऊल मागे सरकला.

"घ्या ना," श्रद्धाताई म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं?"

त्याने पेला उचलला नाही. मथुराबाईंनी कळशी मोरीत ओतली, तीनदा घासली आणि स्वतःच्या पाटीतली चौदा लिंबं पिळली. मुलांनी दोन-दोन पेले रिचवले. मथुराबाईंना स्वतःला मात्र घोटही उतरला नाही.

त्या चौदा लिंबांचे एकशे बारा रुपये बालवाडीकडून अजून यायचे आहेत.