कंधारचं फोल्डर कुणाच्या नावावर

नांदेडच्या आमच्या ऑफिसात माझं काम ऐकायला मोठं भारी वाटतं: डॅशबोर्ड सांभाळणे. गावोगावी सांडपाणी जिरवायला शोषखड्डे खणले जातात. तालुक्याची माणसं त्यांचे आकडे आणि फोटो सामाईक फोल्डरमध्ये टाकतात आणि रोज सकाळी ते सगळं आपोआप एका पडद्यावर येऊन बसतं. 'आपोआप' या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. आपोआप फक्त बिघडतं.

त्या दिवशी दुपारी लातूरला साहेबांची बैठक होती. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा, हे तिथं पडद्याकडे बघून ठरणार होतं. सकाळी मी उघडून पाहिलं तर अहमदपूर, धर्माबाद हिरवेगार आणि कंधार कोरडं ठणठणीत. बरेच दिवस एकही नवा खड्डा नाही. पावसामुळे काम थांबलं असेल असं मी धरून चाललो होतो, पण आता पाऊसही उघडला होता. कंधारचं काम बघणाऱ्या ताईंना फोन लावला, तोही जरा चढ्या आवाजातच.

"सर, मी रोज भरून राहिले की! तुमचा पडदाच खोटं बोलायलाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात पगार त्यांचा एकटीचाच येतो, हे मला ठाऊक होतं.

मग शोधायला बसलो. नेट ठीक, पासवर्ड ठीक, फाइलही जागेवर. दुखणं निघालं भलतीकडेच. कंधारचं फोल्डर अजून ताईंच्या आधीच्या सरांच्या नावावर होतं. सर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, आणि पुढे कधीतरी वरच्या ऑफिसने त्यांचं खातं बंद केलं. त्याबरोबर फोल्डरची वाटही बंद झाली. ताईंना आपल्या कॉम्प्युटरवर दिसत होती ती नुसती तिथली प्रत. तीत कितीही भरा, वर काही पोचत नव्हतं. 'जोडणी तुटली आहे' असं कळवणारे मेल मात्र रोज इमानेइतबारे निघत होते, सरांच्याच बंद खात्यावर.

"ताई, सर निवृत्त झाले तेव्हाच नाव बदलून घ्या म्हणलं होतं ना?"

"म्हणला होतात. पण मोठ्या माणसाचं नाव कसं काढावं, सर? लई वाईट दिसतं ते."

मला संताप आला, पण भांडत बसायला वेळ नव्हता.

"आता तुमच्या नावानं नवं फोल्डर करा," मी म्हणालो, "आणि सगळं त्यात घाला." कंधारचं नेट बैलगाडीच्या चालीचं. फोटो सरकेनात. "फोटो राहू द्या, आधी आकड्यांची फाइल चढवा." ती आली. मी डॅशबोर्डची जोडणी नव्या फोल्डरकडे वळवली, पडदा ताजा केला आणि कंधार भरलं. मी चहा मागवला.

चहा यायच्या आत लातूरहून साहेबांचा फोन. "काय हो, बैठकीच्या तोंडावर कंधारला एवढे खड्डे एकदम कुठून उगवले?"

आता ताई खोट्या ठरणार, आणि तेही माझ्या दुरुस्तीने. मी सगळं सांगितलं: निवृत्त सर, बंद खातं, नाव न काढण्यामागचं कारण.

"आमचा सातबाराबी अजून आजोबांच्याच नावावर हाय," साहेब म्हणाले. "ठेवा त्या ताईंना. पण फोटो संध्याकाळपर्यंत दिसले पाहिजेत."

संध्याकाळी फोटो आले आणि मी ताईंना निकाल कळवला. मला वाटलं रडतील. त्यांनी विचारलं, "सर, त्या फोल्डरवर आता खरंच माझं नाव दिसतं?"

"हाव. तुमचंच."

"घर सासऱ्यांच्या नावावर, रान दिरांच्या, स्कूटी ह्यांच्या. माझ्या नावावर हे पहिलंच बघा."

खरं तर पुन्हा असा घोळ होऊ नये म्हणून ते फोल्डर ऑफिसच्या सामाईक खात्यावर न्यायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे. आज नेतो, उद्या नेतो, असं माझं चाललंय.