कोवळ्या गवताचं दूध

लग्न होऊन सापगावजवळच्या या घरी आले, तेव्हा गोठ्यात एकच म्हैस होती आणि तिच्या पुढ्यात बारा महिने भाताचा पेंढा. मला तिची दया यायची. टोकावड्याला माझ्या माहेरी विहिरीकाठी नेपियर गवत आहे. गेल्या वर्षी त्याची कांडी आणून मी परसात लावली, मोबाईलवर बघून बघून खत-पाणी केलं. गुडघ्याएवढं झालं की कोवळं कोवळं कापायचं आणि म्हशीला पोटभर घालायचं. पेंढा बंदच केला. सुकी काडी बिचारीने का चघळावी?

म्हैस खूश. दूधही वाढलं. मी तर हवेतच होते.

धार काढायचं काम माझं आणि गावात रतीब घालायचं सासूबाईंचं. एके सकाळी त्या परत आल्या आणि रिकामी किटली ओट्यावर आपटली. "खरा सांग गो, पाणी किती घालतेस?"

मला आधी कळेचना. "नाय घालत, आई."

"मग दूध पातळ कसा? साय धरत नाय. लोक तोंडावर बोलतात मला."

मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. म्हटलं, तुमीच धार काढताना समोर बसा. तर त्या आणखी भडकल्या. "मी काय पोलीस हाय? घरातल्या सुनेवर पहारा ठेवू?" म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. नवरा जेवता जेवता म्हणाला, किटली विसळताना राहत असेल थोडं पाणी. मला असा राग आला! पण दुसऱ्या दिवसापासून मी किटली उन्हात वाळवायला लागले, कारण माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला होता. तरी दूध पातळच. चांगलं खाऊ घालावं आणि दूध बिघडावं, हे कुठलं गणित?

शेवटी शेजाऱ्यांची गाय बघायला गुरांचे डॉक्टर आले, तेव्हा त्यांना हाक मारली. त्यांनी म्हशीकडे कमी आणि तिच्या पातळ शेणाकडे जास्त बघितलं. "पेंढा बंद केलात ना? नुसत्या कोवळ्या गवताने दूध वाढतं, पण जनावर रवंथ कमी करतं आणि दुधातलं फॅट उतरतं. आधी पेंढा घाला, मग हिरवं." मी दोनदा विचारलं, पेंढ्याने? या सुक्या पेंढ्याने? ते हसून निघून गेले.

मी माळ्यावरून पेंढा उतरवला. घरात काही बोलले नाही. म्हटलं, आता दूधच बोलेल. थोड्याच दिवसांत ते जरा कमी झालं आणि दाट झालं. पातेल्यावर जाड साय बघून मला रडूच आलं.

त्या दिवशी सासूबाई रतीब घालून आल्या त्या मोकळ्या चेहऱ्याने. माझ्याजवळ बसल्या आणि डोक्यावरून हात फिरवला, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"सगळी खूश हायत. दूध कमी झाला तवाच मला कळला, तू पाणी घालायचा सोडलास म्हणून. झाला तो झाला. परत नको करू हां."

पेंढ्याचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता.

"नाय करणार," मी म्हटलं.