दोनदा दाबायचा ब्रेक

हे मी नवऱ्यापाशी बोलले नाही, आई होती तेव्हा तिच्यापाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं त्या दोघांपाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या अक्काला ओळखत नाही, म्हणून असेल.

गाडीपासून सुरुवात करते. खरं तर तिच्यापासून करायला नको, कारण गाडीबद्दल बोलायला लागले की मी रंगते, आणि मूळ गोष्ट राहून जाते. इतकी वर्षं तेच तर केलं.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, साखर कारखान्यातले इंजिनिअर. काही वर्षं केनियातल्या कारखान्यात होते, आणि परत येताना तिथून एक जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोन दारं, दोनच सीट, लांबलचक नाक, पिकलेल्या संत्र्याचा रंग. निलंग्याच्या रस्त्यावर ती निघाली की एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. अण्णांनी ती चार दिवस हौसेनं चालवली असेल, मग पार्ट मिळेनात म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये लावली ती लावलीच. ते गेले तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांची पिल्लं होती.

मी ती ट्रकवर घालून लातूरला आणली. मी तंत्रनिकेतनात मशीनचे विषय शिकवते. फळ्यावर आयुष्यभर इंजिन काढलं होतं, एकदा हातानं उघडून बघावंसं वाटलं. घराच्या पोर्चमध्ये मी ती गाडी सुटी केली. तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. कार्बोरेटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेपर पसरून टूथब्रशनं साफ केला. दारांचे रबर, काचेच्या पट्ट्या, वायरिंग — एकेक वस्तू जपानहून मागवायची आणि महिनोन् महिने वाट बघायची. नखांतलं काळं निघायचंच नाही. वर्गात खडू धरताना मुलांना दिसायचं, आणि मला ते आवडायचं.

लोक हसत होते, हेही सांगायला हवं. नात्यातले, गल्लीतले. बाईमाणूस गाडीखाली झोपलेली, नुसते पाय बाहेर! मी लक्ष देत नव्हते असं म्हणायचे. देत होते. एकेकाचं हसू आठवणीत ठेवत होते.

हसले नाहीत फक्त दाजी. माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुखेडकडचे, घरची शेती, आणि गाडी चालवण्यात त्या भागात त्यांचं नाव. जुनी जीप होती त्यांची. चिखलातून, नाल्यातून कुठूनही काढायचे, पण कधी कुणाला घासली नाही. लातूरला आले की माझ्या पोर्चमध्ये उकिडवे बसायचे. म्हणायचे, "शैला, तू लई जिद्दीचं काम करायलीस बघ. कोणी काय म्हणू दे."

आता ब्रेक.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये आत रबराचे छोटे कप असतात. पेडल दाबलं की तेच ऑईल पुढे ढकलतात. अण्णांच्या गाडीतले कप जुने, कडक झालेले. नवं किट मागवलं होतं, ते आलं नव्हतं. मी जुनेच कप धुऊन परत बसवले — गाडी अंगणात पुढेमागे करण्यापुरते. तेवढ्याला चालत होतं. फक्त पहिल्यांदा दाबलं की पेडल हळूहळू खाली जायचं. सोडून लगेच पुन्हा दाबलं की घट्ट लागायचं. मला माहीत होतं. माझा पाय आपोआप दोनदा दाबायचा.

पाडव्याला सगळे आमच्याकडे जमले. गुढीसोबत गाडीचीही पूजा करायची असं ठरलं. रंग झालेला, क्रोम चकाकतंय, बॉनेटवर झेंडूचा हार. जे हसले होते तेच फोटो काढत होते. कुणीतरी विचारलं, सगळं तुम्हीच केलं? मी म्हणाले, नटापासून नटापर्यंत. हे वाक्य मी आधीपासून मनात घोळवून ठेवलं होतं.

मग कुणीतरी म्हणालं, एक चक्कर तर होऊ द्या. आणि दाजींच्या हातात किल्ली गेली. त्यांच्यापेक्षा चांगलं चालवणारं होतं कोण? शेजारी अक्काला बसवलं. अक्का लाजत होती, जरीची साडी आवरून घेत होती.

मी दाराशी उभी होते. खिडकीची काच खाली होती. दाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. एवढंच म्हणायचं होतं — दाजी, ब्रेक दोनदा मारा. नाहीतर, दाजी, आज नको, पार्ट यायचाय. किती वेळ लागतो? पण मागे सगळे उभे होते. आत्ताच म्हणाले होते ना, नटापासून नटापर्यंत? आता काय सांगू, की ब्रेकच राहिलेत?

मला वाटलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतील. असं वाटलं, हे खरं आहे. पण ते औशाच्या रस्त्याला लागलेले मला कोपऱ्यावरून दिसले, आणि माझ्या पर्समध्ये मोबाईल होता, आणि अक्काच्या हातातही होता. मी लावला नाही. हे कशात बसवायचं?

पुढे उसाची ट्रॉली होती. तिनं मध्येच वळण घेतलं. दाजींनी गाडी डावीकडे काढली, ती बाभळीवर गेली. दाजींना खरचटलं. आदळलेली बाजू अक्काची होती.

खुब्याचं हाड, मांडीचं हाड. दोन ऑपरेशनं. अक्का जगली, आता काठी घेऊन चालते, पण तिला खाली बसता येत नाही. ज्या बाईनं चुलीपुढे बसून अख्ख्या खळ्याला भाकरी घातल्या, ती आज खुर्चीवर बसून सुनेला पीठ मळताना बघते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी माझ्यापाशी आले. शर्टाला अजून रक्त होतं. म्हणाले, "शैला, मी ब्रेक दाबला. पार खालीपोत्तर गेला गं, काहीच लागलं न्हाई. वेग बी नव्हता माझा." माझ्या दोन्ही जाऊबाईंचे मुलगे, अक्काचा मुलगा, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. गाडीतलं कळणारी मीच होते ना.

मी म्हणाले, "ब्रेक तर ठीक होते, दाजी."

शांतपणे म्हणाले. वर्गात मुलाचं उत्तर चुकल्यावर म्हणावं तसं.

त्यांनी वाद घातला नाही. अक्काच्या मुलानं बापाकडे जे बघितलं, ते मात्र मी बघितलं. तो म्हणाला, मावशी, गाडी एकदा गॅरेजला दाखवू. मी म्हणाले, माझ्याइतकी ती गाडी कुणाला माहीत आहे? मीच बघते. गाडी घरी आल्यावर सिलिंडर उघडला. कपाची कड फाटून आत दुमडली होती. बोटाच्या पेराएवढा रबराचा तुकडा. सकाळच्या घंटागाडीत टाकला. सगळ्यांना सांगितलं, बघितलं मी, ब्रेकमध्ये काही दोष नाही.

अक्का दवाखान्यात असतानाच नवं किट आलं. कुरियरवाल्याला मी सही दिली.

गाडी मी पुन्हा उभी केली. हो, केली. ती आता सुरेख चालते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेते, लोक कौतुक करतात, ब्रेक एकदम पक्के आहेत असं मी स्वतःहून सांगते. दाजींनी त्याच उन्हाळ्यात जीप विकली. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. शेतात जायला कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागे बसतात. अक्का त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. नवऱ्यानं गाडी वेगानं घातली ह्याहून, घालून वर खोटं बोलला, ह्याचा तिला राग होता. माझ्याजवळच म्हणायची, "चूक झाली म्हणले असते तर मी कधीच इसरले असते गं. पण कबूलच न्हाई." आणि मी तिचे पाय चेपत हूं म्हणायचे.

गेल्या महिन्यात मुखेडला गेले होते. जेवणं झाली होती. अक्का खुर्चीवर, दाजी उंबऱ्यापाशी. काही विषय नसताना दाजी म्हणाले, "शैला, तुझंच बरोबर असंल. मी लई इचार केला. घाबरून क्लचवरच पाय पडला असंल माझा. अन् मला वाटलं ब्रेक." मग अक्काकडे न बघता म्हणाले, "चुकलं माझं."

 अक्कानं पदर डोळ्यांना लावला. "किती दिवस लागले हो तुम्हाला," म्हणाली. आवाज इतका मऊ, की लग्नातली अक्का आठवली. सुनेला म्हणाली, बाबांना चहा दे, साखर बेतानं घाल.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझं काहीतरी हवं होतं, बघा. ज्या माणसानं आयुष्यात एकदा पाय चुकीचा ठेवला नाही, तो मला विचारत होता, माझा पाय चुकला ना?

तुम्ही म्हणाल, आता त्यांचं जुळलंय तर गप्प राहिलीस हेच बरं. नका म्हणू. मी त्यांच्यासाठी गप्प राहिले नाही. पाडव्याला ज्या कारणासाठी राहिले, त्याच कारणासाठी राहिले.

"होतं असं कधीकधी, दाजी," मी म्हणाले. "चांगल्या चांगल्यांचं होतं."

त्यांनी मान हलवली, आणि चहाची बशी आधी माझ्याकडे सरकवली.