चुकल्यासारखं वाटतं का?

आमच्या जीपच्या मागच्या सीटखाली शेंगांची टरफलं साठायची, तसेच किस्सेही साठत गेले. टरफलं पाशाभाई शनिवारी झाडून टाकायचे. किस्से मात्र राहिले ते राहिलेच, आता ऐका!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मी एका सर्व्हेवर होते. लोक रोज अंग किती हलवतात आणि ते हलवणं किती सवयीचं, हे मोजायचं. आम्ही तिघंच. प्रश्न तयार करणारे देवस्थळी सर, ते विचारत फिरणारी मी, आणि जीप चालवणारे पाशाभाई. पहिला प्रयोग पाशाभाईंवरच केला. "रोज किती चालता?"

"मैं कायकू चलूं मॅडम? गाडी चलती ना!"

सरांना आदल्याच वर्षी हार्टचा झटका येऊन गेला होता. रोज संध्याकाळी चाललंच पाहिजे, नाहीतर दुसरा आलाच म्हणून समजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सर आणि काकू रोज तळ्याकाठी फिरायला जायचे. मी एकदा विचारलं, "सर, लागली का तुम्हाला सवय?"

"मला कुठली सवय? मला बायको आहे!"

खरंच होतं ते. काकूंनी चपला पुढ्यात आणून ठेवल्याशिवाय सर खुर्चीतून हलत नसत.

*

मोडनिंबला एक आप्पा भेटले. डोक्यावर कडब्याचा भारा, घामाने सदरा चिंब. मी विचारलं, "आप्पा, व्यायाम करता का?"

"आमी न्हाय बा! थोरलं पोरगं करतंय की. तालमीत जातंय, दंड मारतंय. म्हनून तर शेतात कामाला येत न्हाय!"

आप्पांच्या नावापुढे 'व्यायाम नाही' असं लागलं. ते वाचून सरांनी कपाळाला हात लावला आणि 'व्यायाम' हा शब्दच काढून टाकला. त्या जागी 'रोजची सवय' आली.

*

ती सवय घेऊन आम्ही टेंभुर्णीला गेलो. ओट्यावर एक तात्या बसले होते. "तात्या, तुम्हाला रोजची काही सवय आहे का?" तात्यांनी मान ताठ केली.

"तंबाखू सोडली तर आपल्याला कसलीबी सवय न्हाय!"

आतून बायको कडाडली, "आन् रोज सांजच्याला गुत्त्यावर जाताय ते?"

"ते चालनं झालं की!"

मी लिहिलं, 'चालणे, रोज.' दुसरं काय लिहिणार?

*

मग सरांनी 'आपोआप' हा शब्द आणला. सवयीचं काम विचार न करता, आपोआप होतं ना, म्हणून. शहरात विणकरांच्या वस्तीत नरसव्वा नावाची बाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. मी म्हटलं, "अक्का, हे सगळं आपोआप होतं का?"

तिने चाक थांबवलं. "आपोआप? या घरात आपोआप काय होतंय गं? मी केलं तर होतंय!"

तिच्या आवाजाने शेजारच्या बायका जमल्या. प्रत्येकीच्या घरात आपोआप काही म्हणजे काही होत नव्हतं! मला तिथून निघता येईना. बाहेर पाशाभाई हॉर्न वाजवून वाजवून दमले.

*

सरांचा शेवटचा प्रश्न मात्र मला फार आवडायचा. 'एखाद्या दिवशी केलं नाही, तर चुकल्यासारखं वाटतं का?' वा! यात कोण घोटाळा करणार?

गिरणीतून रिटायर झालेले एक बाबा होते. नोकरी संपली तरी सकाळचा भोंगा वाजला की चालत गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. मी म्हटलं, आज माणूस सापडला! "बाबा, एखाद्या दिवशी नाही गेलात, तर चुकल्यासारखं वाटतं का?"

बाबा चक्क रागावले. "चुकंन कसा? जल्म गेला की त्या रस्त्यावर!"

*

आणि मग काकूंना लेकीच्या बाळंतपणाला कुर्डुवाडीला जावं लागलं. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. डोळे भरून आले होते. "विमल, माझ्याशिवाय यांचं पाऊल उचलत नाही गं. चालले तरच टिकतील. तेवढं लक्ष ठेव."

त्याच संध्याकाळी मी आणि पाशाभाई तळ्याकाठी जीप लावून बसलो. पाशाभाई म्हणाले, "नहीं आते मॅडम. चप्पल कौन देगा?"

आणि सर आले! एकटेच, पण वेळेवर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! काकूंना आजच पत्र टाकायचं, असं मी मनाशी ठरवलंसुद्धा. सर संथ चालत होते, अगदी रोजच्यासारखे.

अर्ध्या वाटेवर एक दगडी कट्टा होता. तिथे सर एकदम थांबले आणि खाली बसले.

मी जीपमधून उडी मारून धावत सुटले, मागून पाशाभाई. "सर! सर, छातीत दुखतंय का?"

सर कट्ट्याच्या एका टोकाला बसले होते, शेजारी जागा ठेवून. आमच्याकडे बघून त्यांनाच नवल वाटलं.

"छातीत? छे! इथे आलं की हिचा गुडघा बोलतो ना. जरा टेकावंच लागतं!"