रविवारचे मासे

दोन्ही तळहातांची ओंजळ उलटी करून तो गवतावर अलगद ठेवायचा आणि म्हणायचा, "आस्ते. त्यालाबी जीव हाय." मग बोटांची फट किंचित उघडायची, आणि त्याची दोन्ही पोरं नाकं खुपसून आत बघायची. आत एक हिरवा नाकतोडा बसलेला असायचा.

अणदूरला आमची भिंतीला भिंत. मी शाळेत बाई, तो आपल्या दुकानात बोअरच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. बायकोशी पटलं नाही, कोर्टातून वेगळे झाले. ती पोरांना घेऊन सोलापूरला माहेरी राहायची. दर रविवारी सकाळी पोरांचा मामा त्यांना एसटीनं आणून सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. थोरला मुलगा शाळेत जायला लागलेला, धाकटीला अजून 'र' म्हणता येत नव्हता. चूक कोणाची, हे तुमच्या-माझ्यासारख्या शेजाऱ्यांनी ठरवायचं नसतं. गावानं मात्र केव्हाच ठरवून टाकलं होतं.

रविवारी दुकानाचं शटर खाली. सकाळी तिघं परसात आमिष गोळा करायचे. नळाखालच्या ओलीत गांडुळं, गवतात नाकतोडे. थोरल्यानं पकडायचे आणि धाकटीनं डबीचं झाकण उघडून सोडून द्यायचे, असा एकूण कारभार. रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची अळी ती मनगटावर चालू द्यायची, आणि हा माणूस आमिष विसरून लेकीकडेच बघत बसायचा. परसातलं गवत तो कोणाला कापू देत नसे. मी भिंतीवरून ओरडायचे, "अहो, साप निघेल एखादा!"

"निघू द्या बाई. धाकटी त्यालाबी बिस्कीट चारंल."

मग मोटरसायकलवर गळ बांधून तिघं तलावाला. एकदा मलाही नेलं. आता गंमत बघा. आमच्याकडे रविवार खंडोबाचा. त्याच्या घरात त्या वारी मासा-मटण चालत नाही, आणि पोरं यायची ती नेमकी रविवारीच. त्यामुळे लागलेला प्रत्येक मासा परत पाण्यात जायचा. चिलापी वळवळत बाहेर आली की तो गळ हलकेच सोडवायचा, पोरांचे हात पाण्यात भिजवायचा आणि मासा त्यांच्या हातात द्यायचा. "आस्ते. सोडा आता. देवाचा वार हाय."

थोरल्यानं त्या दिवशी विचारलं, "खायचाच नाही, तर पकडायचा कशाला?"

त्यानं गळाला नवं गांडूळ लावलं. "आपुन तिघं हितं बसावं म्हनून," म्हणाला.

पुढं पोरांच्या आईनं दुसरं लग्न केलं. माणूस चांगला आहे, हे मला यानंच सांगितलं. पोरं पुण्याला गेली. सुट्टीत भेटायचं ठरलं होतं. एका सुट्टीत कांजिण्या निघाल्या, दुसरीत तिकडचं कोणाचं तरी लग्न निघालं. करता करता दोन वर्षं गेली. रविवार आला की त्याला घर खायला उठायचं. मग तो उगाच माझ्या अंगणातला नळ दुरुस्त करायला यायचा. नळाला काहीही झालेलं नसायचं.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत पोरं एक दिवस आली. आदल्या दिवशी तो भिंतीवरून मला विचारत होता, "बाई, आता ती काय खात्यात?" मला काय माहीत?

तलावावर काय झालं ते त्यानंच संध्याकाळी सांगितलं, पोरं गेल्यावर. नाकतोडा फ्रॉकवर बसला तशी धाकटी किंचाळली. गांडुळांच्या डबीकडे तर तिनं बघितलंही नाही. पण गळाची दोरी ताणली गेली, आणि सगळं विसरून ती उठून ओरडली, "काका, मासा! काका, ओढा ना!"

थोरल्यानं तिला कोपरानं ढोसलं. "पप्पा आहेत ते."

"पप्पा तर पुण्याला आहेत," ती म्हणाली.

"मग? तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"म्या मासा वढला की. वढा म्हनली न्हवं का ती." मग म्हणाला, "लहान हाय वो, बाई. तिचं काय चुकलं?"

मी आत गेले आणि स्वयंपाकघरात बसून रडले. दुसरं काय करणार होते?

उन्हाळ्याच्या आत दुकान विकून तो पुण्याला गेला. तिथं कुठल्याशा वर्कशॉपमध्ये मोटारी भरतो. परवा दुपारी त्याचा फोन आला. मागं पोरांचा गलका चालला होता.

"कुठं आहात?"

"धाकटीच्या शाळंपुढं. रस्त्याच्या पल्याड उभा ऱ्हातो. थोरला दुसऱ्या शाळंत हाय. लई उंच झालीया, बाई. दोन येन्या घालती आता."

"हाक मारलीत का?"

"न्हाय."

"अहो, मारा की! बाप आहात तिचे."

"रोज तोंडात येती. पर तिनं वळून बघितलं आन् वळखलंच न्हाय, तर?"

गलका हळूहळू पांगत गेला.

"रिक्षा गेली तिची," तो म्हणाला. तरी त्यानं फोन ठेवला नाही.