सिसिलिया आणि सांड्याचं बीळ

अल कुसैसमधल्या दातांच्या दवाखान्यात सिसिलिया रिसेप्शनवर बसते. येणाऱ्याची दाढ कितीही ठणकत असली, तरी आत जाण्याआधी त्याला वाळवंटातल्या साळूची माहिती ऐकावी लागते. गाल सुजलेला माणूस वाद घालत नाही. असे श्रोते मिळाले की कुणाचीही भीड चेपेल. सिसिलियाची मुळात नव्हतीच.

बाई वसईची, नंदाखालची. केळी, पानवेली आणि विहिरींमध्ये वाढलेली. दुबईत आल्यावर कित्येक वर्षं तिने वाळवंटाकडे ढुंकून पाहिलं नाही. "देवाने काम अर्धवट सोडलंय," म्हणायची. मग एका पिकनिकला तिच्या नवऱ्याने, प्रेस्टनने, धैदच्या पुढे गाडी वाळूत रुतवली. शेजारच्या शेतावरून रामचंद्र फावडं घेऊन आला. हा चिपळूणकडचा; तिथे अरबाबाचे, म्हणजे मालकाचे, उंट आणि खजूर सांभाळतो. तो चाकं उकरत होता आणि सिसिलिया एका बिळाकडे टक लावून बसली होती. बिळाच्या तोंडाशी हातभर लांबीचा, जाड काटेरी शेपटीचा सांडा, घोरपडीसारखा दिसणारा सरडा, शांतपणे पाला चघळत होता.

"शाकाहारी आहे, आणि चेहरा आमच्या पॅरिशच्या खजिनदारासारखा," तिने जाहीर केलं. प्रेस्टनच्या म्हणण्यानुसार त्याच क्षणी त्याचा संसारातला नंबर दुसरा झाला.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा एक लहानसा इंटरनेट रेडिओ आहे. रविवारी सकाळी गाणी, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि माझं विनोदी भाषण. विनोदी असं मीच म्हणतो. त्यात सिसिलियाने अर्धा तास बळकावला आणि 'वाळूतली वस्ती' सुरू केली. सुट्टी मिळाली की ती शेतांवर जाते, माणसांशी बोलते, उंटाचं रवंथ करणं रेकॉर्ड करते. वाऱ्याची घरघर टाळायला माइकवर प्रेस्टनचा लोकरी मोजा चढवते. "मी एका पायाने समाजसेवा करतो," असं तो पाहुण्यांना सांगतो.

कार्यक्रमात सगळ्यात जास्त रामचंद्र बोलतो. वाळवंटातल्या गाफच्या झाडाला तो सरळ शमी म्हणतो, आणि ते आहेही शमीच. गावाकडे त्याची बायको रंभा मोबाइलवर न चुकता ऐकते. तिने एकदा सिसिलियाला फोनवर सांगितलं, "बाई, माझ्याशी बोलताना जेवलो, बरा आहे, ठेवतो, एवढंच. रेडिओवर माणूस मोकळा होतो. तेवढं चालू ठेवा."

यंदाच्या हिवाळ्यात रामचंद्र जरा जास्तच मोकळा झाला. रविवारसाठी रेकॉर्ड करताना म्हणाला, "सफारीवाल्यांच्या गाड्या आमच्या कुंपणामागून उड्या मारत जातात. बिळं दबतात. सांडा आत असतो, तो मग बाहेर येतच नाही. अरबाबसुद्धा कावलाय. पण सुट्टीच्या दिवशी कोण ऐकतंय त्याचं?"

नेमका त्याच आठवड्यात मंडळाचा अध्यक्ष ऑस्कर रेडिओसाठी प्रायोजक पकडून आला. प्रायोजक कोण, तर तिथेच गाड्या उडवणारी सफारी कंपनी.

ऑस्कर मूळचा वसईचाच, हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. नकारसुद्धा ट्रेमध्ये ठेवून देतो. "मॅडम, कार्यक्रम तुमचाच. फक्त गाड्यांचा भाग एडिट करू. लोकांना पॉझिटिव्ह आवडतं."

"कापायचे तर केळीचे घड काप. माणसाचं बोलणं कापायचं नाही."

"प्रायोजक गेला तर रेडिओ खलास."

"रामचंद्र गेला तर रेडिओ कशाला हवाय? तुझे वाढदिवस ऐकायला?"

माझ्या भाषणाचं नाव तिने घेतलं नाही, हा तिचा मोठेपणा.

रविवारी स्टुडिओत आम्ही तिघंच होतो. ऑस्कर स्वतः आवाजाच्या बटणांपाशी बसला होता. रविवारच्या सूटमध्ये, चेहऱ्यावर शोकसभा. सिसिलियाने आधी प्रायोजकांचे आभार मानले. भरपूर मानले, लग्नाच्या टोस्टला मानतात तसे. त्यांच्या गाड्या किती दणकट, चालक किती धाडसी. ऑस्करचा चेहरा उजळायला लागला. मग ती म्हणाली, "या गाड्या नेमक्या कुठून जातात, ते आता रामचंद्र सांगतील."

ऑस्करचा हात बटणाकडे गेला. सिसिलियाने माइक न झाकता, घरातल्या आवाजात सांगितलं, "हात मागे घे. बाप्तिस्म्याला तुला मी धरलं होतं. तेव्हाही असाच वळवळत होतास."

वसईत गॉडमदरला उलट बोलायची सोय नाही. बँक्वेट मॅनेजरलाही नाही. तिने मुस्काटात दिली असती, तरी त्याची आईच म्हणाली असती, अजून एक द्या. ऑस्करने हात मांडीवर ठेवला. रामचंद्रचं बोलणं, गाड्यांची गुरगुर आणि शेळ्यांचा कालवा, सगळं शेवटपर्यंत वाजलं.

सोमवारी कंपनीने कळवलं की पुढच्या रविवारी सिसिलियाने ऑन एअर माफी मागावी, नाहीतर आम्ही निघालो. समितीने तिला बोलावलं. एकजण समजुतीने म्हणाला, "सॉरी म्हणायला काय जातंय, आंटी?"

"म्हणते की. सांड्याला. तुमच्या कंपनीला म्हणणार नाही."

समितीने तिचा कार्यक्रम बंद केला आणि स्टुडिओची किल्ली काढून घेतली. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत ऑस्कर नव्हता. तो खाली जाऊन तिची गाडी पार्किंगमधून काढत होता. डिकीत त्याने स्वतःचा जुना, रेकॉर्डिंगचा आवाज जुळवायचा मिक्सर आणि दोन माइक ठेवले होते.

"अध्यक्षपद?" तिने विचारलं.

"दिलं सोडून. यल्ला, चला, बसा. तुमच्या घरी नेट कसं आहे?"

नेट उत्तम होतं, जागा नव्हती. बेडरूममध्ये एसी घुमतो, हॉलमध्ये प्रेस्टन घोरतो. मुलगी लॅरिसा म्हणाली, "मम्मा, प्लीज, एनीव्हेअर बट द किचन." म्हणून माइक किचनमध्ये लागला. सिसिलियाने स्वतःच्याच नावाने इंटरनेटवर नवा कार्यक्रम सुरू केला, पहिला फोन रंभाला करून त्याची लिंक पाठवली, आणि रविवारी ठरल्या वेळी रामचंद्रला लाइनवर घेतलं. मी फ्रिजला टेकून उभा होतो. ऑस्कर ओट्यावर मिक्सर सांभाळत होता.

रामचंद्र परत कुंपणामागच्या गाड्यांवर आला, आणि मध्येच कुकरने शिट्टी दिली. ऑस्करने कपाळाला हात लावला. सिसिलियाने गॅसही बंद केला नाही.

"श्रोतेहो, ही शिट्टी कुकरची आहे, वाळवंटातल्या प्राण्याची नाही. अजून दोन होतील. रामचंद्र, तुम्ही बोला."